कलिंगडाचा हात

थोड्या महिन्यांसाठी म्हणून मी सिडनीला मुलाकडे आलो. मग करोनानं विमानं बंद केली आणि मी तिथलाच झालो. दुसरा हिवाळा लागला तेव्हा केलीव्हिलच्या त्या घरात आम्ही चौघं होतो: मुलगा, सून, हायस्कुलातली नात आणि मी. मुलगा घरात बसूनच कंपनीचं काम करायचा, सून हॉस्पिटलात शिफ्टला जायची, नातीची शाळा लॅपटॉपात भरायची. काम नव्हतं ते मला एकट्यालाच. पुण्याच्या मार्केट यार्डात जन्मभर गाड्या खाली केलेल्या माणसाला नुसतं बसणं काय असतं, हे या शिकलेल्यांना सांगून कळलं नसतं, म्हणून सांगितलं नाही. कपड्यांच्या घड्या घालत होतो आणि त्या कशा चुकल्या ते सुनेकडून ऐकत होतो.

नात बेसबॉल खेळायची. त्यात चेंडू टप्पा न पाडता सरळ फेकतात आणि फलंदाजाच्या मागे एक जण मोठा ग्लोव्ह घालून बसतो, तो झेलतो. फेकणारा पिचर, झेलणारा कॅचर. आमची पोरगी पिचर. तिच्याएवढा जोर दुसऱ्या कुठल्या मुलीच्या हातात नाही, असं तिचा बाप सांगायचा. बाप काय, सांगणारच.

पण ब्रिस्बेनच्या एका स्काउटचंही तिच्याकडे लक्ष गेलं होतं. स्काउट म्हणजे चांगली पोरं हुडकत गावोगाव फिरणारा माणूस. उन्हाळ्यात देशभरातल्या मुलींचं शिबिर होतं, त्यासाठी तो पिचर निवडत होता. तिला बघायला तो सिडनीला येणार होता, तेवढ्यात लॉकडाऊन लागलं, राज्याची हद्द बंद झाली. मग त्यानं कळवलं, व्हिडिओ पाठवा. नुसते जाळीत मारलेले चेंडू नकोत, मागे बसून कुणीतरी झेललेले हवेत.

इथं गाडी अडली. तिची कॅचर मैत्रीण कॅसल हिलला राहायची आणि तिचं सगळं घर करोनानं कोंडलेलं. बाप एकदा बसला. दुसऱ्याच चेंडूला त्याचा अंगठा सुजला आणि तो आठवडाभर एका बोटानं टायपिंग करत राहिला.

जेवताना मी म्हणालो, "मी झेलतो."

"आबा, तो टेनिसचा बॉल नाहीये," सून म्हणाली. "दगड असतो नुसता."

"आणि कलिंगड काय कापसाचं असतं?"

"आबा, वय बघा जरा," मुलगा म्हणाला.

"तू आधी तुझा अंगठा बघ."

नातीला हसताना ठसका लागला. "लेट हिम ट्राय, मम," ती म्हणाली. "नो वरीज, मी हळू टाकेन."

कलिंगडाचं सांगतो, म्हणजे कळेल. कलिंगडाची गाडी खाली करताना वरचा गडी फळ फेकतो आणि खालचा झेलतो. फळ हाताला लागलं की त्याला अडवायचं नाही. हात त्याच्याबरोबर मागे न्यायचा, पोटाशी आणायचं आणि तिथं त्याला झोपवायचं. अडवलं की फुटलं. माझ्या हातून फुटलेलं कलिंगड यार्डात कुणी पाहिलेलं नाही. पाहिलंय म्हणणारा असेल तर त्यानं समोर यावं.

घराच्या बाजूनं कुंपणाला लागून लांब बोळ होता. एका टोकाला ती उभी राहायची, दुसऱ्या टोकाला मी. गुडघे वाकत नव्हते म्हणून दुधाच्या बाटल्यांचा प्लॅस्टिकचा क्रेट उलटा घालून त्यावर बसायचो. तोंडावर लोखंडी जाळी, छातीवर गादी. पहिले दोन-तीन चेंडू तिनं मला सांभाळून टाकले.

"म्हाताऱ्याचे लाड करू नकोस," मी म्हणालो. "जेवलीस ना सकाळी?"

मग आला एक. दिसला म्हणेपर्यंत ग्लोव्हात होता. हात आपसूक मागे गेला, पोटाशी आला, आवाज म्हणून नाही. नात तिथूनच म्हणाली, "व्हॉट. आबा, परत."

आठवड्यात ती पूर्ण जोर लावायला लागली. एक चेंडू तर सरळ येता येता शेवटी पायरी उतरल्यासारखा खाली यायचा. तोही मी सोडला नाही. मुलाच्या कामाच्या खोलीची खिडकी त्याच बोळात होती. तिच्यातून डोकं काढून तो म्हणाला, "आबा, बेस्ट. तिची मैत्रीण झेलायची तेव्हा मीटिंगमधले लोक विचारायचे, घरात सुतारकाम चाललंय का."

सुनेला सुटी होती त्या दिवशी शिडीला चिमट्यांनी फोन लावून व्हिडिओ काढला. एकही चेंडू खाली पडला नाही. आम्ही पाठवून दिला आणि मी त्या रात्री भाकरी जास्तीची खाल्ली.

दोन दिवसांनी स्काउटचा व्हिडिओ कॉल आला. पांढरी दाढी, जुनी टोपी, माणूस साधा वाटला. तो बोलायचा, मुलगा मला मराठीत सांगायचा. "म्हणतोय, हात छान फिरतो, नेमही आहे. पण वेग दिसत नाही. चेंडू ग्लोव्हात बसल्याचा आवाजच येत नाही. वेग मोजायचं यंत्र आपल्याकडे नाही, म्हणून त्याला आवाजावरूनच ठरवावं लागतं. आणि ग्लोव्ह दर वेळी मागे-खाली जातो, त्यामुळे चांगला चेंडूही दमून खाली पडल्यासारखा वाटतो."

"त्याला विचार, एक तरी सुटला का?"

मुलानं ते विचारलं नाही. पुढचं सांगितलं. "म्हणतोय, आत्ता दिसतंय त्यावरून या वर्षी तिला घेता येणार नाही. रविवारपर्यंत दुसरा पाठवायचा असेल तर बघेन."

फोन बंद झाला. नात बोळाच्या दारात जाऊन बसली. मी मागून गेलो.

"तो घरी बसून काय सांगतो," मी म्हणालो. "इथं क्रेटवर येऊन बसावं म्हणावं."

"आबा, यू मेक मी लुक स्लो."

"मी? तुझा एक चेंडू मातीला लागू दिला नाही मी."

"तेच तर. मी जीव खाऊन टाकते आणि तू त्याला झोपवतोस."

मला राग आला. एवढं सुंदर झेलणं त्या माणसानं आयुष्यात पाहिलं नसणार, आणि आजही माझं मत तेच आहे. मी मास्क लावून बाहेर पडलो, दोन गल्ल्या फिरलो, राग तसाच घेऊन परत आलो.

दारात हॅरिस पार्कच्या वाण्याकडून आलेलं किराणाचं खोकं पडलं होतं. सून त्यातले नारळ काढत होती आणि एकेक कानाशी धरून हलवत होती. "हा चांगलाय," ती म्हणाली. "ह्याच्यात पाणीच नाही."

मी तिथंच थांबलो. यार्डात येणारा व्यापारी काय करायचा? कलिंगडावर टिचकी मारायचा आणि कान द्यायचा. आत लाल आहे का पांढरं, ते त्याला त्या आवाजावरच ठरवायचं असायचं. फळ कापून बघायची सोय त्याच्याकडे नव्हती आणि ब्रिस्बेनच्या माणसाकडेही नव्हती. माल चोख होता, पण मी त्याला वाजूच दिलं नव्हतं.

"ऊठ," मी नातीला म्हणालो. "ग्लोव्ह कुठंय?"

ठरवणं सोपं होतं. हाताला ते मान्य नव्हतं. चेंडू आला की तो आपला मागे जायचाच. नात ओरडायची, "होल्ड इट, आबा, पुढे जाऊन घे." मी म्हणायचो, "घेतोय." आणि नाही घ्यायचो. त्या दिवशी आम्ही दोघंही एकमेकांशी न बोलता जेवलो.

दुसऱ्या दिवशी मी क्रेट उचलून पार मागे नेला आणि गॅरेजच्या विटांच्या भिंतीला टेकवला. कोपर आणि भिंत यांच्यामध्ये दारातलं जाड पायपुसणं दुमडून घातलं. म्हणालो, "आता बघू कुठं जातो हा."

तिनं टाकला. हात मागे जायला निघाला, कोपर अडलं आणि फाडकन आवाज झाला. असा, की समोरच्या निलगिरीवरचे सगळे पांढरे पोपट कलकलाट करत उडाले. मुलाची खिडकी उघडली.

"आबा, काय चाललंय? मीटिंगमधले सिंगापूरवाले विचारतायत."

"त्यांना सांग, तुझी पोरगी बॉल टाकतेय."

तो म्हणाला, "मी म्यूट करतो," आणि मीटिंग सोडून खिडकीतच बसला.

शनिवारी परत शिडी, परत चिमटे. तिनं टाकलेला दर चेंडू भिंतीवर घुमला. शेजारचं कुत्रं आधी भुंकलं, मग कंटाळून गप्प झालं. माझा डावा तळवा संध्याकाळी पुरणपोळीसारखा फुगला होता. पण ग्लोव्ह डाव्या हातात असतो आणि जेवायला उजवा, त्यामुळे कुणाला कळलं नाही. फ्रीजमधली मटारची थंड पिशवी मी खोलीत नेली आणि सुनेनं विचारलं तर गुडघ्याला लावतोय म्हणालो.

सोमवारी स्काउटचा फोन आला. आम्ही चौघंही त्या छोट्या फोनसमोर दाटीवाटीनं बसलो. तो बराच वेळ इंग्रजीत बोलला. मी नातीच्या तोंडाकडे बघत होतो. तिनं ओठ घट्ट दाबून धरले होते, मग एकदम दोन्ही हातांत तोंड लपवलं. मला वाटलं, गेलं.

"शिबिराला घेतलं," मुलगा म्हणाला. "म्हणतोय, खाली उतरणारा चेंडू या वयात असा पाहिला नव्हता."

मग स्काउटनं काहीतरी विचारलं आणि मुलगा हसला. "विचारतोय, कॅचर बदललात का. मी म्हटलं, तोच आहे, माझे वडील. वय सांगितलं."

फोनमधल्या माणसानं टोपी काढली. मग एक वाक्य बोलला. ते कुणी मला सांगायच्या आत सून माझ्याकडे वळली.

"डावा हात दाखवा."

"कशाला?"

"तो म्हणाला, त्यांच्या हाताला बर्फ लावा. आबा, हात."

दाखवावा लागला. पुढचा अर्धा तास ती मला जे बोलली ते इथं लिहीत नाही. त्यात मटारचाही हिशेब होता.

लॉकडाऊन उठलं, गरमी सुरू झाली आणि दुकानात अख्खी कलिंगडं आली. मी एक वाजवून आणलं. नात शिबिराचा नवा टी-शर्ट घालून अंगणात मिरवत होती.

"झेल," मी म्हणालो आणि फेकलं.

तिनं हात ताठ पुढे केले, कॅचरसारखे. फळ छातीशीच फुटलं, टी-शर्ट लाल झाला, बिया केसांत. ती तशीच उभी राहून माझ्याकडे बघत होती.

"आबा, हाऊ?"

"उद्या क्रेट घेऊन ये," मी म्हणालो. "शिकवतो."