पेटीची बडबड
आमच्या पाड्यावरच्या उपकेंद्रातून शहापूरच्या डॉक्टरांशी बोलायची लाइन सोलरच्या बॅटरीवर चालते. गरजेपुरतीच लागायला हवी ती लाइन दिवसभर लागलेली असायची. लाइनच्या पेटीवरचा दिवा सारखा पेटायचा आणि संध्याकाळी बॅटरी संपायची.

दुरुस्तीला आलेला माणूस पेटीपुढं मांडी घालून बसला. कशालाही हात न लावता बराच वेळ दिव्याकडं बघत राहिला. मग हसला.

"ही पेटी शहापूरच्या पेटीला बोलणं कुठून पाठवायचं तो रस्ता सारखा सांगतेय, सिस्टर. रस्ता तर एकच. तो परत परत सांगायला दर वेळी लाइन कशाला लावायची?"

त्यानं दोन्ही पेट्यांत तो रस्ता कायमचा भरला, त्यांची बडबड बंद केली आणि चहाही न घेता गेला.

परवा दिवेलागणीला साप चावलेली बाई आली. मी बटण दाबलं. दिवा पेटला, डॉक्टर बोलले, बाई वाचली.

आता दिवा विझलेला दिसला की मला धीर येतो.