नुसतं पाणी

सुनंदा गेल्याचा फोन आला तेव्हा मी पवनीत पंपाचं वॉशर घेत होतो. "मॅडम शिकवता शिकवता खाली बसल्या, मग उठल्याच नाहीत," एवढंच कॉलेजातला माणूस म्हणाला. माझी धाकटी बहीण, वय सत्तेचाळीस. महिना होऊन गेला, पण मला रडण्यापेक्षा चिडचिडच जास्त होते. कशाची, ते नीट सांगतो.

ती पवनीला रसायनशास्त्र शिकवायची आणि आसगावला आमच्याच घरी राहायची. सुट्ट्या मात्र नागपूरला, मैत्रीण मृणालच्या प्रयोगशाळेत. धानाच्या दाण्यात एक प्रथिन असतं, ते उन्हाच्या तडाख्यात बाकीची प्रथिनं साकळू देत नाही. तापल्यावर ते गोळ्यासारखं राहतं की उकलतं, एवढाच तिचा प्रश्न. त्यासाठी पाण्यात मुरवलेल्या त्या प्रथिनातून एक्स-रे सोडायचे आणि ते कोणत्या कोनात किती विखुरतात ते मोजायचं. आमची काकी तिला छेडायची, "काहून वो सुनंदा, पाण्याचा फोटू काढतेस म्हणे? पाण्याले हाडं असतेत का?"

"हाडं नाही काकी, सावलीसारखं काही पाहून राहिली मी."

"मंग उन्हात उभी राह्य ना, फुकटात दिसते!"

यावर सुनंदाच सगळ्यांत मोठ्यानं हसायची. मला मात्र तिनं एकदा नीट समजावलं होतं. प्रथिन ज्या क्षार घातलेल्या पाण्यात मुरवलं ते पाणीही किरण विखुरतं, प्रथिनापेक्षा जास्तच. म्हणून ते पाणी वेगळं मोजून वजा करायचं. "तसंच दुसरं करून घेतलं तर?" मी विचारलं. "दादा, उरतं ते एवढंसं, क्षार जरासा कमीजास्त झाला तरी ते बुडते... तेच पाणी लागते." हिशेब मला पटला.

हे किरण सोडणारं मोठं यंत्र दुसऱ्या राज्यात. अर्ज करून पाळी मिळवावी लागते. तिला दोनदा नाही म्हणाले, तिसऱ्यांदा मिळाली, आणि निघायच्या आधीच ती गेली. प्रथिनाच्या नळ्या आणि पाण्याची बाटली घरच्या फ्रीजमध्ये होती. मृणाल म्हणाली, मी घेऊन जाते. तिसऱ्या दिवशी आम्ही अस्थी घेऊन वैनगंगेवर गेलो. परतलो, तर पाहुण्यांच्या दुधासाठी फ्रीज रिकामा केलेला.

"नळ्या ठेवल्या ना बाबू मी जपून," काकी म्हणाली. "बाटलीत त नुस्तं पाणी होतं, मोरीत ओतलं."

काकीला काय बोलणार? मी चिडलो सुनंदावर. साऱ्या जगाला समजावत फिरलीस, बाटलीवर मराठीत दोन शब्द लिहायला काय झालं होतं? गेलेल्या माणसाला असं बोलू नये. मी रोज बोलतो.

प्रथिन नव्या पाण्यात पुन्हा मुरवायला वेळ नव्हता, गाडी त्याच रात्रीची. मृणालनं त्याच कृतीचं दुसरं पाणी नेलं. मोजणी झाली, पाळी संपली, किरणांनी नळ्यांतलं प्रथिनही खराब झालं. मग तिचा फोन आला, "वजाबाकी जुळत नाही, दादा. गोळा म्हटलं तर गोळा, उकललं म्हटलं तर उकललं... असं छापता येत नाही."

तिनं पाठवलेला आलेख मी सुनंदाच्या टेबलावर, काचेखाली ठेवला आहे. डावीकडे उंच सुरू होऊन उजवीकडे उतरत जाणारी एक रेघ. सकाळी चहा घेऊन मी तिच्यापुढे बसतो. एवढ्या वर्षांच्या कामाची ही एकच रेघ, आणि तिच्यात प्रथिन किती, पाणी किती, हे आता कोणालाच सांगता येत नाही.