पांढऱ्या लुगड्याचा गुन्हा

चंद्रभागाबाईंच्या कपाळाला दगड लागला होता आणि आमच्या टूरिंग टॉकीजचे मालक म्हणत होते, पब्लिसिटी मस्त झाली.

पन्नासच्या दशकात मी या फिरत्या तंबूतल्या टॉकीजवर ऑपरेटर होतो, म्हणजे मशीनवर सिनेमा चालवणारा. अकोल्याकडच्या मालेगावात आम्ही भुताचा जुना पिक्चर लावला होता. पांढऱ्या साडीतली बाई कंदील घेऊन पडक्या विहिरीवर येते. लोक चार-चारदा पाहत आणि दर वेळी घाबरत.

चंद्रभागाबाई जवळच्या किन्हीराजा गावच्या. विधवा, म्हणून लुगडं पांढरं. भाजीची टोपली घेऊन पहाटेच बाजाराला निघायच्या. मालकांनी टांग्यावरच्या भोंग्यातून पुकारलं, की पिक्चरमधलं भूत किन्हीराजाच्या रस्त्यावर दिसलं. पुढच्याच बाजाराच्या दिवशी त्यांना दगड बसला. भाजीलाही कोणी हात लावेना.

मी मालकांना म्हटलं, भोंग्यातूनच सांगा, ते खोटं होतं.

"गर्दी पाहून राह्यला नं तू? मंग मशीन चालव."

"मंग मी आज कार्बन पेटवत नाही, मालक."

कार्बन म्हणजे मशीनच्या दिव्यातल्या कांड्या. त्या पेटल्याशिवाय पडदा कोराच. दुसरा ऑपरेटर अकोल्याहून आणावा लागला असता. मालक चडफडले, पण सांगून आले. लोकांना वाटलं, हीसुद्धा जाहिरातच.

मग मी भुताचं रीळ उचललं आणि भर दुपारी बाजारात नेलं. मालक मागून ओरडत आले. मी आधी सगळ्यांना बिड्या विझवायला लावल्या, कारण फिल्म लगेच पेट घेते. चार हात फिल्म उलगडून उन्हात धरली. एका सेकंदाला अशी चोवीस चित्रं पळतात, म्हणून भूत चालताना दिसतं, असं समजावलं. एका शेतकऱ्यानं डोळे बारीक करून पाहिलं.

"हे तं बाई होय," तो म्हणाला.

चंद्रभागाबाई टोपलीजवळून उठल्या.

"मी कोण होती मंग? मले दगड मारला तवा दिसलं नाही?"

त्या शेतकऱ्यानं मान खाली घालून मेथीच्या दोन जुड्या घेतल्या. माफी कोणीच मागितली नाही.

त्या संध्याकाळी तंबू भरला. फिल्म हातात धरून पाहिलेली माणसंही विहिरीचा सीन आल्यावर किंचाळली. त्यांच्यावर माझा राग नव्हता. घाबरायलाच तर ती आली होती. आठवड्याभरात मालकांनी अकोल्याहून ऑपरेटर आणला आणि मला काढलं.

पुढे दुसरीकडे इतकी वर्षं मशीन चालवून एवढंच कळलं: भुताचा पिक्चर जुना होत नाही, आणि दगड मारणारा कधी सापडत नाही.