काचेआडचे बूट

मार्गशीर्षातल्या त्या कोवळ्या सकाळी, पालेगावच्या नव्याकोऱ्या इमारतीत दार उघडताच जो वास अंगावर आला, तो ना उदबत्तीचा होता ना फोडणीचा. तो कोऱ्या रबराचा आणि तळवे चिकटवायच्या सोल्यूशनचा होता. केतकीसाठी स्थळ पाहायला ती आणि मी, दोघी खरवईहून गेलो होतो. केतकी माझ्या धाकट्या बहिणीची मुलगी. शिकायला म्हणून माझ्याकडे आली आणि पुढे अंबरनाथच्या एका कारखान्यात, प्रयोगशाळेत, नोकरी लागल्यावर माझ्याच घरी राहिली. स्थळाच्या घरात आई आणि मुलगा दोघेच. आई शोभाताई, मुलगा अनिकेत.

दिवाणखान्याची पूर्वेची भिंत काचेच्या पेट्यांनी भरली होती आणि प्रत्येक पेटीत, मंद पिवळ्या उजेडात, स्नीकर्सचा एकेक जोड विराजमान होता. देव्हारा मात्र स्वयंपाकघरात, फ्रिजच्या डोक्यावर. एका बुटाचा तळवा आंबलेल्या पिठासारखा फुगून बाहेर आलेला. दुसऱ्याच्या पाठीवर आणखी एक चिमुकला बूट शिवलेला, जणू माकडिणीला बिलगलेले पिल्लू. तिसरा तर कारखान्यातूनच मळवून, पिवळा पाडून, टाचेशी उसवून आणलेला. जन्मभर चिखल तुडवणारा माणूस उंबऱ्याशी पाय धुऊन घरात येतो, आणि इथे तो चिखल कुंचल्याने रंगवून, काचेत ठेवून, त्याच्यावर दिवा लावलेला! सौंदर्य म्हणावे तर ते नव्हते; कुरूपतेलाही एक प्रामाणिकपणा असतो, तोही नव्हता. होती ती केवळ ‘माझ्याकडे आहे, तुमच्याकडे नाही’ एवढ्या एकाच वाक्याची आरास.

‘‘हा घालायचा नसतो, मावशी,’’ अनिकेत कौतुकाने सांगत होता. ‘‘एकदा क्रीज पडली की खल्लास. उल्हासनगरला याची फर्स्ट कॉपी मिळते, सेम टू सेम. पर जाननेवाला पकडतोच.’’

मुलगा वाईट नव्हता. हसरा होता, नोकरी चांगली होती. पण आम्ही आत आल्याबरोबर त्याने आधी केतकीच्या पायांकडे पाहिले आणि मग चेहऱ्याकडे, हे माझ्या नजरेतून सुटले नाही.

चहा झाल्यावर शोभाताईंनीच सुचवले, ‘‘आलाच आहात तर शिवमंदिरात जाऊन येऊ.’’ अनिकेतने त्या दिवशी नवाच आलेला, दुधासारखा पांढरा जोड घातला होता. देवळाच्या आवारात उन्हाचे कवडसे काळ्या दगडावरच्या झिजलेल्या अप्सरांवरून निथळत होते, बेलाचा आणि ओल्या निर्माल्याचा गंध दरवळत होता. दाराशी चपलांचा ढीग. तो ढीग पाहून अनिकेतचा चेहरा असा झाला, की जणू कुणी त्याला तान्हे मूल फुटपाथवर ठेवायला सांगितले आहे. त्याने बूट काढले, पिशवीत घातले आणि पिशवी आईच्या हाती दिली. शोभाताई ती मांडीवर घेऊन कडेच्या कट्ट्यावर बसल्या. हालचालीत इतका सराव होता, की त्यांना कुणी ‘बसा’ म्हणण्याचीही गरज पडली नाही.

अंबरेश्वराचा गाभारा जमिनीखाली आहे. पायऱ्या उतरत जावे तसा बाहेरचा कोलाहल विरत जातो. मी अर्ध्या पायऱ्यांवर होते, तेवढ्यात केतकी मागे वळली आणि वर गेली. माझे गुडघे दुखत होते, निमित्तही मिळाले. मीही तिच्यामागून वर आले.

‘‘काकू, तुम्ही जाऊन या. मी बसते,’’ ती म्हणत होती.

‘‘अगं, असू दे. सवय आहे मला.’’

‘‘म्हणूनच म्हणते, जा.’’

शोभाताई गेल्या. केतकीने पिशवीतून ते पांढरे बूट काढले आणि शांतपणे इतरांच्या चपलांशेजारी, मातीत ठेवले. रागाने नव्हे, भांडे जागेवर ठेवावे तसे. अनिकेत वर आला तेव्हा खाली वाकून रुमालाने बुटांच्या कडा पुसू लागला. पायऱ्यांवर आई त्याच्या समोरूनच गेली असणार, पण तिच्याविषयी त्याने काही विचारले नाही. शोभाताई मात्र बऱ्याच वेळाने आल्या, कपाळाला ओले भस्म, आणि कुणाकडेही न पाहता म्हणाल्या, ‘‘या देवळात कितीदा आले, पण गाभारा आज पाहिला.’’

रिक्षात केतकीने मला नकार सांगितला. मी खुशीत येऊन त्या फुगीर तळव्यांवर आणि रंगवलेल्या चिखलावर यथेच्छ तोंडसुख घेतले. ती ऐकून घेत राहिली. मग म्हणाली, ‘‘बुटांचं काय गं मावशी, ते कपाटात मावतात. त्याला आई दिसत नाही.’’

नकार कळवला, गोष्ट संपली, असे मला वाटले होते. माघात, आंब्याला मोहोर धरला होता तेव्हा, शोभाताईंचा केतकीला फोन आला. लग्नाचा विषय नव्हता. बोलायचे होते, एवढेच. मग त्या एकदा आल्या, पुन्हा आल्या. आता महिन्यातून एखाद्या रविवारी त्या एकट्याच खरवईला येतात. दोघी ओट्याशी उभ्या राहून भाजी निवडतात आणि मला न कळणाऱ्या गोष्टींवर हळू आवाजात हसतात. त्या काचेच्या भिंतीविषयीचा माझा तिरस्कार तसूभरही उणावलेला नाही, पण त्या हसण्यात त्याला कुठेच जागा नसते.

परवा शेजारच्या बाईंनी दारातून डोकावून विचारले, ‘‘पाहुण्या कोण?’’ विहीण म्हणावे तर सोयरीक झालेली नाही. मैत्रीण म्हणावे तर वयाचा मेळ नाही. ‘‘या आमच्या...’’ एवढे म्हणून मी थांबले. शोभाताई आणि केतकी, दोघीही हातातली मेथी तशीच ठेवून, माझ्याकडे उत्सुकतेने पाहू लागल्या.