होडीवरचं नाव

नव्वद सालानंतर बोईसरच्या आमच्या रंगांच्या कारखान्यात कॉम्प्युटर आला. मी लॅबमध्ये माल तपासायचे. त्याचे निकाल आता कॉम्प्युटरमध्ये भरायचे होते. शिकवायला आलेल्या माणसानं प्रत्येकाला आपापला पासवर्ड ठरवायला लावला आणि बजावलं, "घरच्यांनाही सांगू नका." माझ्या आधी जन्मून तान्हेपणीच वारलेल्या बहिणीचं नाव मी टाकलं. कुणालाही सांगितलं नाही.

शेजारच्या टेबलावरची मैत्रीण साताऱ्याकडची, बोईसरला खोली घेऊन एकटी राहणारी. सुट्टीला मी तिला आमच्या गावी, मुरब्याला घरी न्यायचे. आई पोटभर जेवू घालायची. बाबा तिला किनाऱ्यावर नेऊन आपली होडी दाखवायचे. होडीवर बहिणीचंच नाव रंगवलेलं. "माजी पयली पोरगी ही," ते म्हणायचे.

एकदा एक लॉट खराब निघाला. मी 'नापास' भरलं आणि जेवायला गेले. पुढे तो लॉट गिऱ्हाइकानं परत पाठवला. कॉम्प्युटरमध्ये 'पास' होतं, माझ्याच पासवर्डनं बदललेलं.

मॅनेजरसाहेबांनी मैत्रिणीसमोरच विचारलं, "पासवर्ड कुणाला दिला होता?"

"कुणालाच नाही."

"मग तुम्हीच बदललंत."

दिला म्हटलं असतं तरी नोकरी गेलीच असती. मैत्रीण खाली बघत राहिली. त्याच दिवशी मला काढलं.

तारापूर औद्योगिक वसाहतीतल्या इतर कारखान्यांत, आधीची नोकरी का सुटली, या प्रश्नावरच मुलाखत संपायची. शेवटी चिंचणीला शिकवण्या धरल्या. बाबा विचारायचे, "तुजी मैतरीण कवा येनार? येत नाय आता." मी सांगायचे, तिची बदली झाली.

बोईसरच्या बाजारात ती अचानक समोर आली. मी सरळ विचारलं, "तूच ना?"

"माल त्याच दिवशी पाठवायचा होता. साहेब म्हणाले, तिच्या नावानं पास कर. होडीवरचं नाव टाकून बघितलं, तर उघडलं."

म्हणजे मला विचारणाऱ्या माणसाला उत्तर आधीच ठाऊक होतं.

"तुझं घर तरी आहे गं इथे," ती म्हणाली. "माझी नोकरी गेली असती, तर गावी नेऊन लग्न लावून दिलं असतं."

मी समजून घेईन, अशा खात्रीनं ती बोलत होती. मी भाजीची पिशवी उचलली आणि चालू लागले. मागून तिनं हाक मारली. आमच्या घरी जेवताना आईला जशी हाक मारायची, तशीच लाडिक. मी थांबले नाही. आज भेटली तरी थांबणार नाही.