बदकांच्या बोटीचा अंगरखा

आर्डिस क्वामेच्या हातची शिलाई उसवली असं म्हणणारा माणूस विस्कॉन्सिनच्या त्या नदीकाठच्या गावात सापडला नसता. ट्रॅक्टरच्या गाद्या, दुकानांच्या कनाती, मासेमारांच्या होड्यांची आच्छादनं, एकदा तर चर्चच्या ऑर्गनचं पांघरूण, सगळं तिनं शिवलं होतं. गॅरेजमधलं तिचं धिप्पाड मशीन चालू झालं की शेजारच्या घरातल्या बशा वाजायच्या, आणि शेजारी भांडायला येण्याऐवजी स्वतःची फाटकी खुर्ची घेऊन यायचे. वय त्रेसष्ट, उंची जेमतेम पाच फूट, आणि मापाच्या बाबतीत बाई इतकी काटेकोर की नवरा सोफ्यावर पाय पसरून झोपला तरी तिचा हात टेपकडे जायचा.

नवरा म्हणजे मर्लिन. नदीवरच्या बंधाऱ्याची दारं उघडण्या-मिटण्यात त्याची नोकरी सरली, आणि तोंडाची दारं त्यानं बहुधा मिटलेलीच ठेवली. नाश्त्याला एक वाक्य, जेवणाला एक. निवृत्त झाल्यावर तीन हिवाळे खपून त्यानं शेडमध्ये प्लायवूडची बोट बनवली. बदकांच्या शिकारीची, चौदा फुटी, चपटी, पाण्याला चिकटून राहणारी. जागा दोनच. मागची त्याची. जुन्या बोटीत पुढं त्याचा दोस्त डुएन बसायचा, पण डुएनचे गुडघे गेले आणि तो ते गुडघे घेऊन अ‍ॅरिझोनाच्या उन्हात राहायला गेला.

ही पुढची जागा आर्डिसला हवी होती. आजकाल नाही, चौतीस वर्षांपासून. माहेरी भावांपेक्षा तिचा नेम चांगला होता. पण लग्न झाल्यापासून तिच्या वाट्याला आली ती बदकांची पिसं उपटणं, थर्मास भरणं, मर्लिनचा चिखलानं माखलेला शिकारीचा कोट धुणं, आणि पहाटे स्वयंपाकघराच्या खिडकीतून ट्रकचे लाल दिवे वळणाआड जाताना बघणं. ‘मलाही ने’ असं ती कधी म्हणाली नाही. त्या भागात माणसं साधी कॉफीसुद्धा दोनदा ‘नको नको’ म्हणून तिसऱ्यांदा घेतात. मग जिला एकदाही कोणी विचारलं नाही, तिनं काय करायचं? अलीकडे ती एवढंच करायची, की शिकाऱ्याला लागणारं बदकांचं सरकारी तिकीट दर वर्षी पोस्टातून गुपचूप आणायची आणि बटणांच्या डब्यात तळाशी ठेवायची. आता अकरा झाली होती.

ऑगस्टमध्ये मर्लिननं नाश्त्याचं वाक्य वापरलं. “बोटीला अंगरखा लागेल.”

आर्डिसनं तिथल्या तिथं ठरवलं. असा अंगरखा शिवायचा की बदकांनी त्यावर येऊन घरटं बांधावं. शेवटचा टाका घालायचा, दोरा तोडायचा, आणि त्याच दमात विचारून टाकायचं.

मापं घेताना आर्डिसपुढं मधमाशी आळशी वाटली असती. टेप, खडू, टाचण्या, बोटीखाली लोळणं, बोटीवर चढणं. आणि याच वेळी रोज गॉर्डी यायचा. गॉर्डी म्हणजे मर्लिनचा चुलतभाऊ, गावातल्या बोलिंगच्या हॉलचा मालक, सव्वासहा फूट उंच, आणि पुढच्या जागेचा स्वयंघोषित वारस. तो यायचा तो सरळ त्या जागेवर जाऊन बसायचा. गुडघे कानाला लागायचे.

“मर्लिन, अरे ही बैठक कोणासाठी केलीस? बाहुलीसाठी?”

“हं,” मर्लिन म्हणायचा.

“असू दे, जमवून घेईन मी. काय वहिनी?”

वहिनीच्या तोंडात टाचण्या होत्या म्हणून बरं. नाहीतर त्या दिवशी गॉर्डीला काय ऐकावं लागलं असतं कोण जाणे.

शिवण मात्र अशी उतरली की बघत राहावं. कडांना दुहेरी शिलाई, दोन्ही बाजूंना शिकाऱ्यांना लपवणारे आणि वेळेला झटकन खाली पडणारे पडदे, आणि वरून वाळकं गवत खोचायला दोनशे बारा फासे. आर्डिसनं ते रोज मोजले, कारण मोजताना गुदगुल्या होत होत्या. हंगाम उघडायचा होता शनिवारी. मंगळवारी तिनं अंगरखा बोटीवर चढवला. एक सुरकुती नाही! मर्लिननं बोटीभोवती दोन चकरा मारल्या आणि मान डोलावली, म्हणजे त्याच्या मानानं भाषणच केलं. आर्डिसनं दोरा तोडला, श्वास घेतला, तोंड उघडलं.

“वहिनी,” गॉर्डी कापडाला नाक लावून म्हणाला, “याला फुलांचा वास का येतोय?”

“धुतलंय म्हणून. कॅनव्हास आधी धुऊन आटवला नाही तर पहिल्या पावसात आखडतो. मग बोट तोकडी चड्डी घातल्यासारखी दिसते.”

“कशानं धुतलंस?”

“कशानं म्हणजे? आपल्या साबणानं. कपडे पांढरेशुभ्र करतो त्या.”

“बोंबला!” गॉर्डीनं कपाळावर हात मारला. “अगं, त्या साबणाची चकाकी आपल्याला दिसत नाही, बदकांना दिसते! शिकारीच्या कपड्याला तो साबण कोणी लावतं का? दुधपित्या पोराला ठाऊक आहे हे!”

दुधपित्या पोराला ठाऊक असेल. शिकारीला ज्यांना नेतात त्यांना सगळंच ठाऊक असतं. आर्डिसला सांगणार कोण?

गॉर्डीनं दोघांना ट्रकमध्ये कोंबलं आणि अंगरख्यासकट आपल्या हॉलमध्ये नेलं. मुलांच्या वाढदिवसाला लावायचा तो जांभळा दिवा तिथं होता, ज्यात पांढरे सदरे आणि दात चमकतात. कापड बोलिंगच्या फळ्यांवर अंथरलं, बाकीचे दिवे बंद केले, आणि जांभळा लावला.

अंगरखा असा उजळला की त्या प्रकाशात पेपर वाचता आला असता. दोनशे बारा फासे वेगळे मोजता येत होते.  आर्डिसचं विचारायचं ते राहूनच गेलं.

“बघा! बदकांना वाटेल चंद्र पडला पाण्यात!” गॉर्डी ओरडला, आणि मागं वळून थांबला. “मर्लिन... अरे, तू!”

दाराशी मर्लिन उभा होता, शिकारीचा लाडका कोट घालून. मर्लिन दिसतच नव्हता. नुसता कोट हवेत लखलखत होता, कॉलरपासून खिशांपर्यंत. चौतीस वर्षं आर्डिसनं प्रेमानं धुतलेला.

मर्लिननं एक बाही वर केली. बघितली. दुसरी केली. “आणि मी,” तो सावकाश म्हणाला, “इतकी वर्षं बदकं पळाली की डुएनच्या खोकल्याला दोष देत होतो.”

गॉर्डी बॉलच्या रॅकवरच कोसळला. मर्लिनला हसता हसता उचकी लागली, आणि प्रत्येक उचकीबरोबर कोट उजळून हलला की गॉर्डी नव्यानं किंचाळायचा. आर्डिसला वाईट वाटायचं होतं, पण वेळच मिळेना. ती फळीवर बसली आणि डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली. मग ते पाणी नक्की कसलं हे तिलाही सांगता आलं नसतं.

बुधवारी उजाडताच ती उठली ती थेट कब्रस्तानाशेजारच्या काळ्या अक्रोडाखाली. काळाकुट्ट रंग सोडणाऱ्या हिरव्या सालींची सहा पोती. त्या उकळायला चर्चच्या जेवणावळीचं पातेलं आणलं, ज्यात दर ऑक्टोबरला सगळ्या गावाचा मासा शिजतो. पाद्र्याला विचारायचं ती विसरली, किंवा विसरली असं नंतर म्हणाली. अंगरखा आणि कोट दोन्ही त्या काळ्या काढ्यात बुडवले, मग दलदलीत नेऊन चिखलात तुडवले, पुन्हा काढा, पुन्हा चिखल. शुक्रवारी दुपारी तिचे हात कोपरापर्यंत काळे होते आणि पातेल्याचा रंग जन्मात जाणार नव्हता.

संध्याकाळी जांभळा दिवा पुन्हा लागला. फळ्यांवर काहीच नव्हतं. अंधार, डांबरासारखा गडद अंधार. गॉर्डीला कापड सापडेना म्हणून तो त्यावर पाय अडकून पडला.

“जमलं वहिनी! मानलं तुला,” तो पडल्या पडल्या म्हणाला.

आर्डिस मर्लिनकडे वळली. आता विचारायचं. पण मर्लिनच आधी बोलला. “पहाटे चारला. डबे दोन कर.”

दोन. म्हणजे तो आणि गॉर्डी. झालं मग.

तिनं मुकाट्यानं सँडविच केली. गॉर्डीला मोहरीची चटणी जिवापाड आवडते हे माहीत होतं, म्हणून त्याच्या डब्यात ती लावलीच नाही. एवढा सूड तिला पुरला.

पहाटे ट्रक घरघरत होता. डबे द्यायला ती बाहेर आली, अंगात जाड कोट, पायात सपाता. मर्लिननं तिच्या बाजूचं दार उघडून धरलं होतं.

“बूट घाल,” तो म्हणाला. “आणि तिकीट घे. बटणांच्या डब्यातलं.”

आर्डिस दोन्ही डबे छातीशी धरून उभीच राहिली. “गॉर्डी?”

“त्याचं काय?”

लव्हाळ्यात बोट लागली तेव्हा पूर्वेला जरासं फटफटत होतं. आर्डिस पुढच्या जागेवर बसली, आणि तिच्या पायांचे दोन्ही तळवे बोटीच्या तळाला टेकले. खुर्चीत बसलं की पाय लोंबकळण्याची तिची जन्माची सवय. तिनं बोटीचा इंच न् इंच मापला होता, पण अंगरखा बैठकीला लागत नव्हता, म्हणून ती तेवढी मापायची राहिली होती.

“मर्लिन, तुला डब्यातलं कसं कळलं?”

“बोटात प्लायवूडची कपची घुसली होती. सुई शोधत होतो.”

“कधी?”

“पहिल्या हिवाळ्यात.”

“आणि तीन वर्षं बोलला नाहीस? मेल्या!”

“तुझा डबा न विचारता उघडला होता ना,” मर्लिन अपराधी चेहऱ्यानं म्हणाला.

ती इतकी हसली की बोट डुगडुगायला लागली. एवढ्यात लव्हाळ्यांवरून सळसळत पाच बदकं आली, खाली वळली, आणि अंगरख्याकडे ढुंकूनही न बघता समोर उतरायला लागली. पडदा पडला, आर्डिसची बंदूक वर गेली, आणि एक पाण्यावर आडवं झालं. मर्लिनची गोळी गेली आकाशात.

मग दोघांनी डबे उघडले. बिनमोहरीचं सँडविच आर्डिसच्याच हातात आलं. तिनं ते चावून चावून, शेवटच्या तुकड्यापर्यंत खाल्लं.

“पुढच्या वर्षी येशी—” मर्लिननं विचारायला सुरुवात केली.

“येईन,” आर्डिस म्हणाली.