पितळी वीस पैसे

आज समई घासताना हाताला पितळेचा वास लागला आणि माझं डोकं पुन्हा तापलं.

बाबांनी आयुष्यभर वीस पैशांची जुनी पितळी नाणी जमवली. "एक दिवस याचं सोनं होईन," म्हणायचे. आईच्या डोळ्याच्या ऑपरेशनसाठी ती जड थैली विकायला आम्ही दोघं सौसरहून पांढुर्ण्याला गेलो. जुनी नाणी घेणारा दुकानदार हसला.

"काका, हे तं घरोघरी पडले हायेत. भंगारात किलोनं घेतो."

मी त्याच्यावर ओरडले. बाबांनी थैली उचलली. "चाल, याले काय समजते? नागपूरले जास्त भेटन."

नागपूरला जाणं बाबा लांबवत गेले. आईचा तो डोळा गेला. मग तिनंच ती थैली दारावरच्या भंगारवाल्याला देऊन टाकली.

दुकानदार खरं बोलला होता. मी चुकीच्या माणसावर ओरडले.